मान

हेरंब बोटीवर गेला तेव्हा दोन फेरेट माझ्याकडे टाकून गेला,
एक पिंजरा, अडीच किलो दाण्यांची पिशवी,
आणि "आत्या, सहाच महिने".
हर्णैत फेरेट कुणी म्हणत नाही.
बर्फवाल्या बाईंची मुंगसं, म्हणतात.
मोठा तांडेल, पाच वर्षांचा, म्हणजे म्हातारा.
धाकटी झिपरी.

दापोलीच्या डॉक्टरनं तांडेलचा ओठ वर करून दाखवला.
मागच्या दाढांवर पिवळा थर,
खडकाला चिकटलेल्या कालवासारखा.
"या दाण्यांत मका आहे, पीठ आहे.
याचं आतडं आखूड. मांस, हाड, काळीज,
त्यासाठी घडलाय हा.
कच्च्यावर आणा. पण घाई नको."

मला वाटलं, सोपंय. बंदर दारात.
संध्याकाळच्या लिलावातून मूठभर मांदेली आणली,
अजून चांदी न उतरलेली.
तांडेलनं हुंगलं,
नाकानं नसलेली माती ओढून
ती पुरल्यासारखी केली
आणि पिंजऱ्यात जाऊन झोपला.
पुढे आठवडाभर बंदरावर तेच:
"ओ बाय, तुमचा तांडेल म्हावरं खाईत नाय?"

डॉक्टर हसला नाही.
मासा तसाही नकोच, म्हणाला, कोंबडी द्या.
आणि लहानपणी तोंडात जे पडलं
तेवढंच यांना अन्न वाटतं.
बाकी सगळ्या वस्तू.

आई घाटावरची. साताऱ्याकडून लग्न होऊन आली
ती पहिले चार महिने भाकरी आणि मिरचीचा ठेचा.
कालवणाच्या वासानं परसात जाऊन बसायची.
मग भाकरीच्या कडेला आमटीचा ओला डाग,
मग नुसतं कालवण, मग बांगड्याची शेपटी.
शेवटच्या दुखण्यात तिनं मागितलं
ते बोंबलाचं तिखट.
कुणी शिकवलं, तिला आठवत नव्हतं.

तर मी दाणे कुटले. कोमट पाणी. त्यात चमचाभर
वाटलेली कोंबडी, कच्ची.
करंगळीनं ओठाला लावायचं.
तो थुंकायचा. मी लावायची.
कारखान्याच्या हिशेबाच्या वहीत, मागल्या पानावर,
लाद्या आणि डिझेलच्या पाठीमागे, लिहीत गेले:
झिपरी, अधिक दहा ग्रॅम.
तांडेल, उणे चाळीस.
त्या रात्री हरले. पिशवी उघडली,
मूठभर दाणे दिले त्याला. कुडुमकुडुम खाल्ले.
वहीत ते लिहिलं नाही.

झिपरी नवव्या दिवशी फितूर झाली.
हमीद बुरोंडकर माना बाजूला काढून ठेवतो माझ्यासाठी,
पैसे घेत नाही, "मानेला कोण विचारतंय बाई".
अख्खी मान ओढत नेली तिनं
आणि माझ्या डाव्या चपलेत लपवली.
मी ती पायानंच शोधली, सकाळी,
घाईत.

तांडेलचं सांगायचं तर
दीड महिना गेला.
वाटी तीच, चमचा तोच,
दाणे कमी, मांस जास्त,
त्याला फसवते आहे असं वाटायचं
आणि तो फसत नव्हता, फक्त दमत होता.

मग एका रात्री वीज गेली.
मी मेणबत्ती शोधत होते आणि ओट्याखालून आवाज आला,
कट्.
पुन्हा, कट्.
ओलं हाड मोडल्याचा.
"तांडेल," मी म्हटलं.
नेहमी येतो, आला नाही.
काडी पेटवली. त्यानं मान वर केली,
पंजाखाली दुसरी मान धरून,
आणि माझ्याकडे पाहिलं
लिलावात परगावचं गिऱ्हाईक पाहतात तसं.

काडी बोटाला भाजेपर्यंत मी तिथेच, उकिडवी.
पुढे जावं की नाही, कळेना.
माझंच घर, माझाच ओटा.

बऱ्याच वेळानं आला.
गाऊनच्या बाहीत शिरला, रोजच्यासारखा,
कोपरापाशी वळून झोपला.
तोंडाला रक्ताचा वास, गरम.
हात आखडला तरी हलवला नाही.
उजाडल्यावर वजन करायचं होतं.