आधी होल्ड

कापसाचा हंगाम सरला की सेलूच्या जिनिंगमध्ये
सिमेंटचं अंगण नुसतं पडून असतं.
काट्यावर गाडी नाही, माझ्या खिडकीशी ड्रायव्हर नाही,
कोपऱ्यात उरलीसुरली सरकी, पत्र्याखाली कबुतरं.
तिथं सकाळी सहाला जब्बारभाई,
मोटार वाइंडिंगचं दुकान उघडायच्या आधी,
मला हेलिकॉप्टर शिकवतात.

मालकाच्या पोराचं होतं. दोनदा आपटलं त्यानं,
मग पुण्याला गेला,
आणि हे राहिलं तेलाच्या डब्यांमागं, एक पातं मोडून.

पहिला आठवडा उडवणं नाहीच. नुसतं बटण,
रिमोटच्या खांद्यावरचं, न बघता सापडलं पाहिजे.
"बॅटरी लावायच्या आधी होल्ड.
जवळ जायच्या आधी होल्ड.
कुणी हाक मारली तरी आधी होल्ड, ताई, मग मान वळवा."
घरी कणीक मळताना माझं बोट आपोआप वाकायचं.

नॉर्मल मोड ओळखीचा वाटतो.
काठी वर, की जोर वाढतो. काठी खाली, की दम जातो.
पोटाखाली बांबूच्या दोन कामट्या, टोकांना प्लास्टिकचे चेंडू,
कोळ्यासारखं ते अंगणभर घसरत राहिलं.
एकोणीस वर्षं मी वजन करते:
भरली गाडी, रिकामी गाडी, मधला कापूस.
पण वजन असं जमिनीवरून उतरताना
कधी पाहिलं नव्हतं.
आधी चेंडू थरथरतात,
मग सावली सुटते.

दुसरा मोड वेगळ्याच जातीचा.
काठी कुठंही असो, पाती मंदावत नाहीत,
आवाज एकच, हंगामातल्या जिनिंगसारखा.
काठी आता फक्त पात्यांचा कल बदलते.
मधल्या रेघेखाली गेली
तर पाती हवा वर फेकतात
आणि यंत्राला जमिनीत दाबतात.
"नॉर्मलमध्ये खाली म्हणजे थांब," जब्बारभाई म्हणाले,
"हिच्यात खाली म्हणजे खालीच."

मी हाव म्हणाले. वहीत लिहूनही घेतलं.

आणि एप्रिलच्या एका सकाळी
रेल्वे फाटकाकडून वाऱ्याची झुळूक आली,
शेपूट फिरलं, तोंड माझ्याकडं झालं,
डाव्याचं उजवं झालं,
आणि माझ्या अंगठ्यानं तेच केलं
जे मी भांडणात करते:
सगळं एकदम खाली ओढलं.

ते पडलं नाही.
ते गेलं, नेम धरून,
सिमेंटवर.

दोन पाती, एक दांडा, मोठं दातेरी चाक.
नऊशे चाळीस रुपये, पार्सल अकरा दिवसांनी.
जब्बारभाई कबुतरांकडं बघत राहिले.
"भ्या वाटलं की काठी नाही. बटण."
मग चहा सांगितला.

ते अकरा दिवस रिमोट माझ्या टेबलाखाली होता.
मुनीम रत्नपारखी विचारायचे, काय वाजायलंय हे टक् टक्?
उंदीर, मी म्हणायचे.

चाक बसवल्यावर पहिल्यांदा त्यांनीच उडवलं.
पाण्याच्या टाकीच्याही वर नेलं, आणि तिथं होल्ड दाबला.
मोटार गप्प.
माझ्या पोटात खड्डा पडला.
ते कोसळत होतं, पण पाती फिरत होती,
कोसळण्याचाच वारा खाऊन;
काठी जरा खाली, हो, इथं खालीच,
आणि माणसाच्या उंचीवर आल्यावर
त्यांनी ती सावकाश वर घेतली,
येता येता जे जमवलं ते सगळं तिथं खर्चलं.
चेंडूंनी जमिनीला नुसता हात लावला.

ते मला अजून येत नाही.
माझं उडणं गुडघ्याएवढं, सातच्या आत,
त्यानंतर ऊन हवा सैल करून टाकतं.
काल तेवढ्यावरूनच बटण दाबलं,
सावली परत येऊन खाली बसली.
गेटवरून कुणी हाक मारत होतं, मारू दे.

गंमत म्हणून ते काट्यावर ठेवून बघितलं.
काटा शून्यच दाखवतो,
दहा किलोखालचं त्याला कळत नाही.
पाती अजून हलत होती, सावकाश,
आणि माझे दोन्ही अंगठे भरून आले होते.