एकास सहा

मिरजेच्या आयटीआयमागच्या पत्र्याच्या शेडात
बसाप्पा मिस्त्री परीक्षेला उभा ऱ्हायला
आन् मी जाळीच्या भाईर, डबा घिऊन.

आदुगर कार्डाला ठेकेदाराची चिठ्ठी पुरायची.
नव्वद दिवस काम केलं, खाली सही, सहीवर शिक्का,
शिक्का पुसट असला तरी कुणी उजेडात धरून बघायचं न्हाई.
आता चिठ्ठी चालत न्हाई म्हणं.
आठवी पास पायजे, न्हाईतर हातानं करून दाखवा,
लेव्हल लागंल, मग कार्ड,
कार्ड असंल तरच कुपवाडच्या साइटचं गेट.

साहेब म्हंजे पोरगंच. गळ्यात पट्टी, हातात टॅब,
वाचत गेलं:
दीड मीटर लांब, एक मीटर उंच,
एका विटेची भिंत, इंग्लिश बॉण्ड,
वेळ तीन तास.
मदतनीस घेता येणार नाही.

मदतनीस म्हंजे मी.
बावीस वर्षं बसाप्पाचा माल मी कालवते.
त्यानं मागं न बघता हात पुढं करायचा
आन् घमेलं हातात यायचं.
विश्रामबागेतला दातांचा दवाखाना,
माधवनगरचं गोडाऊन,
पुराच्या पाण्यात आठ दिस उभी ऱ्हायलेली हरिपुरातली भिंत:
वीट त्यानं लावली,
दोन विटांच्या मधलं सगळं माझं.

त्यानं सुतळी ताणली. गुण्या लावला.
ओळंबा सोडला, तो थांबायची वाट बघितली.
साहेबानं टॅबवर टिक केलं, परत टिक केलं.
मग मिस्त्री वाळूच्या ढिगापुढं जाऊन
तसाच उभा.

सिमिट महाग म्हणून परीक्षेला चुना हुता.
एक पाटी चुना, सहा पाट्या वाळू, एवढं त्याला पाठ.
पाणी किती, ते कुठं लिवलंय?

वतलं. डबकं झालं.
जाळीला तोंड लावून म्हणलं,
मिस्त्री, ढीग खालनं वला हाय.
साहेब म्हणला, मावशी, बोलू नका, मार्क जातील त्यांचे.
मी गप बसले. हात बसंनात.
डब्याचं झाकण काढत ऱ्हायले, लावत ऱ्हायले.

पयले दोन थर पाझरले.
तिसऱ्याला त्यानं वाळू वाढवली,
मग पाणी, मग परत वाळू.
घाम पुसताना माझ्याकडं बघितलं न्हाई.
भिंत झाली. सरळ झाली, ते त्याचं कामच हाय.
पास.

पोरगं वाईट न्हवतं.
म्हणलं, मावशी, तुमचंबी नाव घालू का?
आन् बोट खाली खाली सरकवत गेलं:
गवंडी, सुतार, बारबेंडर, रंगारी, फरशीवाला.
अजून खाली.
मग म्हणलं, हेल्पर आहे,
पण त्याला परीक्षा नाही.

तेवढ्यात शिपाई आला, भिंत पाडा,
दुपारच्या बॅचला विटा लागत्यात.

बसाप्पा करणी धरून उभा.
त्याच्या हातची भिंत पुरानं पाडली न्हाई,
ती त्यानं कशी पाडायची?
च्या पिऊन येतो म्हणून गेला तो.

मी जाळीचं दार ढकललं.
परीक्षा संपल्यावर मदतनिसाला कोण आडवतंय?
वरनं एकेक वीट उचलली, खरवडली, रचली.
माल बोटांत चोळून बघितला.
वरच्या थराला जमत आल्तं त्याला.

सांजच्याला वडापात, गर्दीत, गुडघ्यावर पिशवी,
पिशवीत पावती, कार्ड म्हैन्याभरानं येणार.
म्हणला,
लगमव्वा, पाणी किती घालतीस गं तू?

बावीस वर्षांत पयल्यांदा इचारलं.
हात उघडून बघितला, तिथं काय नव्हतं.
घट्टे हुते.
म्हणलं, फावडं फिरवायला लागायचं
आन् फावडंच सांगतंय, बास.

फावडंच सांगतंय, असं तो दोनदा पुटपुटला,
पोरं पाढा म्हणत्यात तसं.
मग म्हैसाळचा फाटा येस्तवर
आमी दोघंबी गप.