मनोरा क्रमांक नऊ

दर तिसऱ्या वर्षी मी याला रंग देतो.
एक पट्टा केशरी, एक पांढरा.
वरून सुरुवात करायची, म्हणजे आपण सांडलेलं
आपणच पुसत खाली येतो.

चढण्याआधी ते आतलं यंत्र बंद करतात.
चालू मनोऱ्याला हात लागला तर
आतून भाजतं, कातडी शाबूत राहते.
ग्रेगोरियो माफनासचा तळवा अजून दाखवतात नव्या पोरांना,
मधोमध नाण्याएवढी पांढरी खूण.
तो म्हणतो, कुठल्या तरी जहाजाचा निरोप
माझ्या हातात अडकून राहिलाय.

एकशे ऐंशी फुटांवरून
वडिलांचं शेत दिसतं.
शेत म्हणजे आता कापलेलं गवत, तारा, कुंपण
आणि एक नीरफणस,
तो का ठेवला ते कोणालाच सांगता येत नाही.
कागदावर किंमत लिहिली होती.
सही करताना वडिलांनी विचारलं,
"समुद्राकडे उतरणारी वाट धरली का यात?"
दुभाष्या हसला.
तेवढं वाक्य इंग्रजीत गेलंच नाही.

रानात शिरताना आम्ही चामोरू माणसं
पूर्वजांची परवानगी मागतो. अजूनही.
दोन ओळी, पुटपुटत.
इथल्या फाटकाशी ओळखपत्र पुढे करतो तेव्हा
सवयीने ओठ हलतात माझे.
पहारेकऱ्याला वाटतं मी शिवी देतोय.
क्वचित देतोही.

पक्षी नाहीत. हे सांगायला हवं,
कारण गुआमला नवीन आलेल्याला आधी कळत नाही,
नुसतेच कान दडे बसल्यासारखे वाटतात.
लढाईनंतरच्या सामानातून तपकिरी साप आले
आणि अंड्यामागून अंडं, अख्खं रान गिळून बसले.
आता ते खांबांवर चढतात.
मागच्या जुलैत एक जण दोन तारांवर आडवा झाला
आणि अर्ध्या महासागराचं बोलणं बंद.
अकरा मिनिटं.
आत बुटांची धावपळ, जनित्र खोकत राहिलेलं.
मी बाहेर शिडीला टेकून उभा होतो.
पाल चुकचुकली. मग कड्याखालून समुद्र.
बस्स, एवढंच.

माझा मुलगा त्यांच्याच एका जहाजावर आहे.
कुठे, ते या भिंतीआड तीस जणांना माहीत.
विचारायचं नसतं. मी विचारत नाही.
बायको विचारते, मला, रोज,
जणू मनोरा रंगवणाऱ्याला वर काही ऐकू येतं.
"काही कानावर आलं?"
"रंग वाळल्याचं."

नेब्रास्काचा तो पोरगा, लिंडक्विस्ट,
कानांभोवती हेडफोनचे वळ घेऊन
पाळी संपली की सिगारेट ओढायला येतो.
आम्ही मक्याविषयी बोलतो,
त्याच्या आईच्या गुडघ्याविषयी.
काल मात्र तो गप्प.
धूर सरळ वर जात होता,
नीरफणसाचं एक पान हलत नव्हतं.
मग वायव्येकडे बघत म्हणाला,
"तिकडून वारा सुटणार बहुतेक. गुरुवारपर्यंत."
आणि थोटूक बुटाखाली
नको तितका वेळ चिरडत राहिला.

मी म्हटलं, "हो, वाटतंय खरं."
डब्याचं झाकण ठोकून बसवलं. ब्रश धुतला,
परत धुतला.

घरी काही सांगितलं नाही. मीही इथंच शिकलोय.
फक्त निघताना झाडाखाली वाकून
दोन नीरफणस उचलले होते,
पूर्वजांना विचारून. पहारेकऱ्याला नाही.

एक पुरतो आम्हा दोघांना.
बायकोने फळांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि काही न विचारता
माळ्यावरचं मोठं पातेलं खाली काढलं.