बाहेर सत्तेचाळीस

वादी कबीरच्या गॅरेजांच्या गल्लीत
दुपारी एक ते चार कुणी नट फिरवत नाही.
पान्हा उन्हात राहिला तर फडक्याने उचलायचा,
हे नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो मी,
पगार किती ते नंतर.

त्याच वेळेला शम्सुद्दीन खुबूसची व्हॅन घेऊन आला.
नारिंगी दिवा पेटलेला, चाळीसच्या वर काटा जाईना,
दमेकऱ्याने जिना चढावा तशी चढ चढून आलेली.
मागे तीनशे पाकिटं, अजून गरम.

रुवीतल्या कुणीतरी सांगितलं होतं, फिल्टर काप,
आतली जाळी फोड, रिकामा डबा वेल्ड कर परत,
आणि कॉम्प्युटरला खोटं बोलायला शिकव.
मालकाला पटलेलं. नाहीतर नव्या फिल्टरचे सहाशे रियाल
शम्सुद्दीनच्या पगारातून, हप्त्याहप्त्याने.
गाडी हाच चालवतो ना.

पाकिटं माझ्या पिकअपमधून पाठवली आधी.
मग दारसैतपर्यंत एक चक्कर, लॅपटॉप मांडीवर.
काजळी एक्केचाळीस ग्रॅम.
फिल्टरच्या अलीकडचा दाब, पलीकडचा दाब,
मधल्या दोन रबरी नळ्या बोटांनी चाचपल्या.
एखादी तडकलेली निघावी, एवढीच इच्छा.
धडधाकट निघाल्या. सेन्सर खरं बोलत होता.
इंजेक्टरांचं परतीचं डिझेल चार बाटल्यांत धरलं,
चारही सारख्या.
टर्बोच्या पाइपात बोट घालून पाहिलं, तेल नाही.
काजळी येते ती येऊ दे,
जळत का नाही?

शम्सुद्दीन उलट्या क्रेटवर बसलेला.
उस्ताद, ही जाळी स्वतःच साफ होते म्हणतात?
होते, म्हटलं. इंजिन तापलं की चार थेंब जास्त डिझेल,
आत सहाशे डिग्री,
अडवलेला सगळा धूर जळून जातो.
तो ऐकत राहिला.
व्हॅनवर यायच्या आधी नऊ वर्षं भट्टीवर होता.
म्हणाला, अर्धी तापलेली भट्टी वाईट.
खुबूस फुगत नाही, नुसता धूर होतो.
तुमची तापते का पुरती?

मी हसलो. बाहेर सत्तेचाळीस.
हसता हसताच तो आकडा दिसला
जो दोनदा वाचून पुढे गेलो होतो:
पाणी, चौसष्ट.

थर्मोस्टॅट. तीन बोटांएवढा, उघडाच अडकलेला.
कॉम्प्युटर बिचारा थांबून होता,
इंजिन तापेल, मग पेटवू,
आणि व्हॅन दर दोन किलोमीटरला
एका बकाल्यापुढे उभी.
चौदा वर्षं या उन्हाला शिव्या घालतोय मी,
आणि याच उन्हात एक इंजिन
गारठून आजारी पडलं होतं.

नवा थर्मोस्टॅट सात रियाल.
रात्री कुरियातच्या रस्त्याला काढली,
चौथा गिअर, आरपीएम अडीच हजारांच्या खाली नाही.
डोंगर काळे, पाणी अठ्ठ्याऐंशी.
शम्सुद्दीन आकडे मोठ्याने वाचत होता
सिल्हेटी बांगलात, मला न कळणाऱ्या,
पण उतरती मोजणी कुठल्याही भाषेत कळते.
मधेच जळकट, गोडसर वास आला.
घाबरू नको म्हटलं, हेच हवं होतं.
एकतीस. बावीस. चौदा.
कुरियातला चहा प्यायलो तेव्हा सहा,
इंजिन चालूच ठेवलं होतं,
टपरीवाला बघत होता वेड्यांकडे बघावं तसा.

सकाळी मालकाचा फोन.
फिल्टरचं काय केलंस?
काही नाही. पुरता तापू दिला.
मग बिल कसलं?
थर्मोस्टॅटचं. आणि रोज रात्री पाऊण तास
ही गाडी मोकळ्या रस्त्याला जाईल,
त्या डिझेलचं तुम्ही बघा.

तो गप्प. मी पण.
राखेचं मी त्याला सांगितलं नाही.
काजळी जळते, तिची राख आतच राहते,
लाखभर किलोमीटरनंतर कधीतरी
जाळी काढून धुवावी लागेल.
तोवर शम्सुद्दीन इथे असेल, नसेल.
मीसुद्धा.
वहीत मात्र लिहून ठेवलं आहे, व्हॅनच्या नंबरासकट.