काटा बंद आहे

जिनिंगच्या फाटकावर खडूनं लिहिलंय : काटा बंद आहे.
त्याखाली दुसऱ्याच हातानं : कालपासून.

जामवरून काळीपिवळीत आले मी,
मांडीवर नवं मशीन, दुपट्ट्यात गुंडाळलेलं,
पिशवीत जुन्याची प्रत.
तळहाताएवढ्या डब्यात सतरा हंगाम.

जुनं उघडलं तर पंख्यात रुई,
एक वात वळता यावी इतकी.
"वळ न मंग," अंतारामजी कोहळे म्हणाले,
"तेवढंच त्याच्या नावानं."
हसले मात्र नाहीत.

प्रत उतरायला चार तास.
नऊला लाइन गेली, रेघ साठ टक्क्यांवर मेली,
पुन्हा पहिल्यापासून.
शंभर झाले तेव्हा काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ :
सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही.

"त्याच्यात सारं हाय ना?"
"हाय."
"मंग काहून नाही म्हणते?"

कसं सांगू.
जुनं मशीन उठल्याबरोबर डिस्कच्या वेशीवरच्या पहिल्या घरी जायचं.
तिथं कोतवाल. चारशे सेहेचाळीस बाइट, एवढाच त्याचा दम.
तेवढ्यात तो हाक घालायचा,
ऐकणारा उठून पुढच्याला उठवायचा, पुढचा त्याच्या पुढच्याला,
आणि सकाळ व्हायची.
हे नवं वेशीवर थांबतच नाही.
तडक विचारतं, सुरुवातीचे कागद ठेवायची वेगळी खोली कुठाय?
फॅट बत्तीसची, मला वाचता येईल अशी?
कोतवाल उतरलाय प्रतीत, बाइटन् बाइट,
तोंड उघडून उभा.
त्याला कुणी विचारत नाही.

सेटिंगमध्ये लेगसी हा शब्द होता,
पण राखाडी. किती खालीवर केलं,
उजळेना.

बाहेर अकरा गाड्या.
एका टेम्पोत कापसावरच कुणी झोपलेलं,
फक्त पाय दिसत होते, त्यातल्या एकात चप्पल.

अंतारामजींनी डबा उघडला, अर्धी पोळी माझ्याकडे सरकवली,
वांग्याच्या भाजीचं तेल कीबोर्डवर सांडणार नाही इतक्या लांबून.
"खोलीच पायजे न त्याले?" ते म्हणाले.
"वावराच्या धुऱ्याशी पट्टी काढतेत, तशी काढ."

मी घास तसाच ठेवला.

शेवटच्या धुऱ्याशी तीनशे एमबी मोकळे केले.
सातबारा नव्या नमुन्यात लिहिला, वावर तेच.
बरं, जुनी विंडोज चौसष्ट बिटची होती,
बत्तीसची असती तर इथं खोली बांधूनही कुणी राहायला आलं नसतं.
मग एक ओळ टाइप केली, बीसीडीबूट,
अक्षर अक्षर मोठ्यानं म्हणत,
कारण डोळे मिटत होते.

पहिल्या घरात आता कोतवाल नाही.
पण घर पाडताही येत नाही, नवा कायदा तसा आहे.
तिथं नुसती पाटी लावून ठेवायची :
इथं वस्ती आहे, रिकामं समजू नये.

एक वाजून वीस मिनिटांनी काट्याचा हिरवा आकडा उणे दहावर थरथरला,
मग शून्य.
अंतारामजी खुर्ची ओढून बसले आणि मागं मागं जात राहिले,
गाडी, वजन, भाव सोडून
फक्त शेऱ्याच्या रकान्यात.
ओली.
बैल लंगडते, सावकाश घेतली.
सुटे नव्हते, चहा पाजला.
सोबत लेक होती, तिलेही तोलले. २० किलो.

"वीस नसन ती," ते म्हणाले, "हा काटा दहाच्या खाली बोलतच नाही."
थोडं थांबले.
"कोणाची होती, आठवून नाही राह्यलं."

टेम्पोतल्या माणसाला उठवलं.
त्यानं दुसरी चप्पल शोधली, ती मिळेपर्यंत गाडी हलवली नाही.

अंतारामजी फाटकाशी गेले
आणि तळहातानं वरची ओळ पुसून आले.
खालची राहू दिली.
ती त्यांनी लिहिलेली नव्हती.