इटारसीची गाठ

शनिवारी सहा वाजता जनकगंजच्या वाचनालयात
पंख्याखालच्या खुर्च्या पकडून
आम्ही आठ जण एक कविता उलगडतो.
आठांतले तिघे कानाने अधू. चहा साडेसहाला.

या वेळची कविता पत्रांची.
तो कुठल्याशा धरणाच्या कामावर, ती घरी.
झेरॉक्स पुसट निघालीय, तरी वाचता येतं:
‘तू लिहितेस, लिंबाला फळं धरली.
मी इथे बोटं हुंगतो.’

इंदापूरकर मॅडम म्हणाल्या, बघा, वास पोचला.
शाईतून, चारशे मैलांवरून.
आणि दुसऱ्या कडव्याखाली
ही जी कोरी जागा सोडलीय, ती विरहाची.
सगळ्यांनी समासात ‘विरह’ लिहिलं.
सरवटे टिपणं हिंदीत काढतात, त्यांनी ‘वियोग’.

मी काही लिहिलं नाही.
एकतीस वर्षं आर.एम.एस.ला सॉर्टर होतो,
ग्वाल्हेर स्टेशन, बहुतेक रात्रपाळ्या.
ती कोरी जागा माझ्या ओळखीची निघाली.
डब्यात पडल्यापासून दारात पडेपर्यंतचे चार दिवस.
त्यांत विरह कुठला, त्यांत आम्ही असायचो,
खाकी सदरा, साठचा बल्ब,
खणांत पत्रं फेकणारे हात.
धरणांची पत्रं जाड. आतला कागद वहीचा.

हे बोललो तर सरवटे हसले.
मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, पुढे?

पुढे इटारसी.
तिकडच्या थैलीच्या गळ्यात लेबल असायचं,
सुतळीनं आवळलेलं.
एकदा त्याच्या पाठीवर पेन्सिलीत दिसलं:
‘तीन दिन से पानी नहीं है।’
कुणासाठी, ठाऊक नाही. थैली मी उघडली, म्हणून मला.
परतीच्या लेबलावर मी लिहिलं, ‘यहाँ भी।’
नियमात बसत नव्हतं.
एकोणीस वर्षं चाललं.
‘बेटी पास।’ ‘दाढ़ निकलवाई।’ ‘आज मन नहीं लगा।’
लेबल दोन बोटं रुंद, त्यात आणखी मावणार काय.
आई गेल्याचा फोन मला ड्युटीवर आला,
तर भावाला कळवायच्या आधी
मी इटारसीला कळवलं होतं.
हे घरी अजून कुणाला माहीत नाही.

सही फक्त ‘बा.’
बाबूलाल, बालकिशन की बासित, विचारलं नाही.
त्यानंही माझा ‘शं.’ सोडवून घेतला नाही.

तो डावखुरा होता, हे गाठीवरून.
उलटी बसायची, सोडवताना माझी बोटं दर वेळी चुकायची.
सत्त्याण्णव साली, दिवाळीनंतर, अक्षर बदललं.
गोल गोल, नव्या पोराचं. पाठ कोरी.
पण गाठ उलटीच.
म्हणजे होता, त्याच टेबलाशी,
लिहीत नव्हता किंवा लिहवत नव्हतं,
मोतीबिंदू असेल, हात कापत असेल.
मी लिहीत राहिलो. जरा मोठ्या अक्षरात.
सात महिने उलटी गाठ येत राहिली.
मग एका रात्री
सुतळी पहिल्या ओढीलाच सुटली.

चहा येऊन निवला होता.
नाही तर वर्षातून एकदा बोलणाऱ्या शितोळेबाई
म्हणाल्या, तुम्ही गेलात का मग इटारसीला?
तीन तर गाड्या बदलायच्या नव्हत्या.
नाही गेलो.
कुणाला विचारलं असतं, आणि कुणाबद्दल?

मॅडमनी विचारलं, मग काका, या कोऱ्या जागेत काय लिहायचं?
मी म्हटलं, जागेचं नंतर बघू.
आधी वरची ओळ बघा. तो लिहितो, ‘हुंगतो’.
वास आला, असं तो कुठे म्हणतोय?

मॅडमनी झेरॉक्स पुन्हा डोळ्यांजवळ नेली.
सरवट्यांनी बशी ठेवली, नेमकी ‘वियोग’वर.