परत बोलावलेली

पत्र आलं ते भूपाल आण्णा मगदूम यांच्या नावानं.
त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.
सुनेनं फोन केला,
"गाडी तुमच्याकडं हाय न्हवं आता? मग पत्रपण तुमचंच."

गाडीबरोबर आण्णांचं तसं बरंच काही आलेलं:
कप्प्यात चष्म्याची एक काडी, गंजका अडकित्ता
आणि एक वही. किती लिटर, किती किलोमीटर,
समासात बारीक अक्षरात शेरे:
"कागलच्या चढाला दम लागतो."
"मागची डावी काच वर जात नाही.
सुनंदाला उजवीकडं बसवणे."

काच अजून वर जात नाही.

घ्यायच्या आधी उद्यमनगरात नेली होती, इलाही शिकलगारकडं.
तो बॉनेटमध्ये डोकं घालूनच बोलतो,
त्याचं बोलणं इंजिनातनं आल्यासारखं वाटतं.
"टॅपेट कव्हरातनं ऑइल पाझरतंय, ते चालतंय.
क्लच जड, ह्या गाडीचा असतोयच.
खालनं खटखट येतीया ती लिंक रॉडची."
मग त्यानं सीटबेल्ट धरला,
ओढत ओढत पार टोकाला नेला, जिथवर कुणीच ओढत नाही.
पट्ट्याच्या विणीत बोटभर गाळ, वाळून करडा झालेला.
"पंचगंगा बसून गेलीया हितं, ताई."

मी तरी घेतली.
वीस हजार कमी करून घेतली.

पत्रात लिहिलंय, चालकाशेजारची एअरबॅग उघडताना
आतला डबा फुटून
धातूचे तुकडे उडण्याची शक्यता आहे.
वाहन घेऊन यावे. दुरुस्ती विनामूल्य.
गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.
त्या जागी, बरोबर त्याच जागी,
ईशानी रोज पाय ठेवून बसते, शाळेचे मोजे काढून.

धातू मला कळतो.
शिरोलीच्या फाउंड्रीत एकोणीस वर्षं तपासणीला आहे.
हातोडीचा टोला दिला की चांगलं कास्टिंग घंटेसारखं वाजतं,
आत फट असेल तर खोकतं.
वाजलं तर पिवळा ठिपका.
खोकलं तर लाल, आणि पुन्हा भट्टीत.

एका मार्चअखेरीला ट्रक दारात उभा होता.
हीट नंबर ४११७, ब्रेक ड्रम, चाळीस नग.
तीन नग खोकले.
का तो पंख्याचा आवाज होता?
साहेब काही बोलले नाहीत, नुसते घड्याळाकडं बघत राहिले.
मी पिवळा लावला.

अकरा वर्षं झाली.
कुठल्या घाटात, कुणाच्या चाकात फिरतायत, ठाऊक नाही.
त्यांना कुणी पत्र पाठवलं नाही.
पाठवायचं तर माझ्याशिवाय कोण पाठवणार होतं?

उचगावच्या सर्व्हिस सेंटरला एसी, कॉफी,
भिंतीवर हसरं कुटुंब.
पाऊण तासात काम झालं.
म्हटलं, जुना डबा दाखव.
पोरानं ट्रेमध्ये आणला. मुठीएवढा, चकचकीत, एक डाग नाही.
"वाजवून बघू?"
पोरगं दोन पावलं मागं सरलं.
"मॅडम, नको. आणि हा तुम्हाला देता येत नाही,
हा पण कंपनीकडं परत जातो."

गाडीत बसल्यावर आण्णांची वही काढली.
त्यांच्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं:
एअरबॅग बदलली, १,१२,६४० किमी.
समासात लिहिलं: ४११७.
पुढं काय लिहायचं ते सुचेना.

"आता पाय ठेवू?" ईशानीनं विचारलं.
नको म्हटलं.
"बदललं की."
तरी नको.

शिरोलीच्या पुलावर पुढं एक ट्रक होता, उसानं भरलेला,
उतारावर दाबून दाबून ब्रेक मारणारा.
ओव्हरटेक करायला जागा होती.
मी मागं राहिले.
डावी काच उघडीच, सगळं आत येतं,
धूळ, डिझेल,
आणि त्याच्या मागच्या चाकाचा आवाज.
रेडिओ बंद केला.